लघवीच्या गोळ्या: कोणती गोळी किडनीत कुठे चालते आणि ती कशी घ्यायची

पायावर सूज, जिना चढताना दम, न उतरणारं बीपी, लिव्हरच्या आजारात पोटात झालेलं पाणी. या सगळ्यांवर डॉक्टर लघवीची गोळी लिहून देतात आणि घरात सगळ्या गोळ्यांना तेच एक नाव पडतं. प्रत्यक्षात या गोळ्यांचे वेगवेगळे गट आहेत. एका गटाने पोटॅशियम उतरतं, दुसऱ्याने चढतं. एकीचं काम सहा तासांत आटोपतं, दुसरीचं दोन-तीन दिवस नीट सुरूही होत नाही. म्हणून पहिलं काम असं करा: स्ट्रिप उलटी करून ब्रँडच्या नावाखाली बारीक अक्षरात छापलेलं औषधाचं मूळ नाव आणि मिलिग्रॅमचा आकडा वाचा आणि फाइलच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात उतरवून ठेवा. खालचं सगळं त्या नावावर अवलंबून आहे.

गोळी मीठ बाहेर काढते, पाणी त्याच्यामागे जातं

दोन्ही किडन्या मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी रक्तातून गाळतात आणि त्यातलं 99 टक्के परत रक्तात घेतात. उरलेलं दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. या 180 लिटरमध्ये जवळजवळ दीड किलो मीठ असतं आणि तेही जवळपास सगळं परत घेतलं जातं. किडनीतल्या प्रत्येक सूक्ष्म नळीच्या सुरुवातीच्या भागात साधारण 65 टक्के सोडियम परत जातं, त्यापुढच्या हेन्लेच्या पाशात (नळीच्या यू आकाराच्या वळणात) 25 टक्के, नंतरच्या वळणदार भागात 5 टक्के आणि अगदी शेवटच्या नळीत 2-3 टक्के. बहुतेक लघवीच्या गोळ्या यातला एकेक रस्ता अडवतात. सोडियम नळीतच राहतं, त्याच्यासोबत पाणीही राहतं आणि लघवी वाढते.

सगळ्यात जास्त सोडियम सुरुवातीच्या भागात परत जातं, मग तिथेच अडवणारी गोळी सगळ्यात जोरदार का नाही? कारण तिथून सुटलेलं सोडियम पुढचे भाग उचलून घेतात. पाशानंतर मात्र तेवढी उचल करणारं कोणी उरत नाही. म्हणून पाशावरची औषधं सगळ्यात ताकदवान ठरली.

पाशावर चालणारी: फ्युरोसेमाइड, टॉर्सेमाइड, ब्युमेटानाइड

लॅसिक्स म्हणजे फ्युरोसेमाइड, डायटर म्हणजे टॉर्सेमाइड. हार्ट फेल्युअर (हृदयाची रक्त ढकलण्याची ताकद कमी पडणं), किडनीच्या आजारातली सूज, फुप्फुसात साचलेलं पाणी ही यांची मुख्य कामं. पोटातून घेतलेलं 40 मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड, 20 मिलिग्रॅम टॉर्सेमाइड आणि 1 मिलिग्रॅम ब्युमेटानाइड साधारण सारख्या ताकदीची धरतात. शिरेतून द्यायचं असेल तर फ्युरोसेमाइड निम्मं, म्हणजे 20 मिलिग्रॅम पुरतं, कारण तोंडाने घेतलेल्या गोळीतलं सरासरी निम्मंच औषध रक्तात पोचतं. सरासरी म्हटलं तरी एखाद्याच्या पोटातून 10 टक्के शोषलं जातं, तर एखाद्याच्या 90 टक्के. टॉर्सेमाइडचं शोषण 80 टक्क्यांच्या वर आणि बरंच एकसारखं असतं. अंगावर खूप सूज असलेल्या पेशंटच्या आतड्यालाही सूज असते, तेव्हा गोळी हळूहळू शोषली जाते आणि 'गोळी लागूच पडत नाही' अशी तक्रार येते. अशा वेळी डॉक्टर दोन-तीन दिवस इंजेक्शन देतात किंवा टॉर्सेमाइडवर नेतात. दोन्ही औषधांची मोठी तुलना 2023 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, त्यामुळे फ्युरोसेमाइडने छान चाललेल्या माणसाने नुसत्या ऐकीव माहितीवर गोळी बदलून मागायची गरज नाही.

या गटाचा एक गुण घरच्यांनी नीट समजून घ्यायला हवा. औषधाची नळीतली मात्रा एका पातळीच्या खाली असेल तर परिणाम जवळजवळ शून्य, ती पातळी ओलांडली की एकदम भरपूर लघवी. म्हणून 40 ची गोळी अर्धी करून सकाळ-संध्याकाळ घेतली तर 'निम्मा-निम्मा' परिणाम मिळेलच असं नाही, कदाचित दोन्ही वेळा काहीच होणार नाही. किडनी कमजोर असेल तर ही पातळी आणखी वर सरकते, म्हणून क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा) वाढलेल्या पेशंटला 80-120 मिलिग्रॅमचे डोस दिलेले दिसतात. आकडा मोठा दिसला म्हणून घाबरून गोळी तोडू नका.

फ्युरोसेमाइड रिकाम्या पोटी जास्त चांगलं शोषलं जातं, टॉर्सेमाइडला जेवणाने फारसा फरक पडत नाही. फ्युरोसेमाइडचा परिणाम अर्ध्या ते एका तासात सुरू होतो, पहिल्या-दुसऱ्या तासात जोर असतो आणि सहा तासांत ओसरतो. ठाणे-नवी मुंबईत कामावर जाणाऱ्यांची अडचण नेमकी इथेच होते. लोकलमध्ये शौचालय नाही आणि ठाण्याहून पनवेलपर्यंत ट्रान्स-हार्बरने सुमारे तासभर जातो. परिणाम असा होतो की माणूस कामाच्या दिवशी गोळी गाळतो, रविवारी घेतो, आणि महिन्याभरात सुजून ॲडमिट होतो. गाळण्यापेक्षा वेळ हलवा. साडेनऊला निघायचं असेल तर सहाला गोळी घ्या, जोर घरीच संपेल. सकाळी लवकर निघावं लागत असेल तर ऑफिसला पोचल्यावर घ्या. कळव्याच्या किंवा वाशीच्या ओपीडीत रांगेत बसायचं असेल त्या दिवशी घरी परतल्यावर दुपारी घेतली तरी चालते, फक्त हे डॉक्टरांच्या कानावर आधी घाला. दुसरा डोस असेल तर तो दुपारी दोन ते चारच्या दरम्यान. रात्री घेतलेली गोळी म्हणजे अंधारात तीन-चार वेळा उठणं, आणि वयस्कर माणसं बाथरूमच्या वाटेवर पडतात ती अशाच वेळी. रबाळे-महापे पट्ट्यात रात्रपाळी करणाऱ्यांनी 'सकाळी एक' याचा अर्थ 'झोपून उठल्यावर एक' असा घ्यावा. सकाळी सातला घरी येऊन गोळी घेऊन झोपलं तर झोपही नाही आणि आरामही नाही.

सहा तासांनंतर काय होतं, हेही महत्त्वाचं आहे. गोळीचा जोर ओसरला की किडनी गेलेलं मीठ भरून काढायला बघते आणि जेवणातून आलेला कण न् कण उचलते. दुपारी भरपूर लघवी झाली, रात्री फरसाण आणि लोणचं झालं, की सकाळी वजन जिथल्या तिथे. यात गोळीचा दोष नसतो.

या गटात सोडियमसोबत पोटॅशियम, मॅग्नेशियम आणि कॅल्शियमही बाहेर जातं. पिंडरीत गोळे येणं, धडधड, विलक्षण थकवा ही पोटॅशियम उतरल्याची चिन्हं असू शकतात. डिगॉक्सिन ही हृदयाची गोळी चालू असेल तर उतरलेलं पोटॅशियम हृदयाच्या ठोक्यांना धोक्याचं आहे. पोटॅशियम क्लोराइडचं सिरप दिलं असेल तर 15 मिलीत साधारण 20 मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. ते अर्धा पेला पाण्यात मिसळून जेवणानंतर घ्या, नुसतं घेतलं तर पोटात जळजळतं. इंजेक्शनचा मोठा डोस भराभर ढकलला तर कानात आवाज येतो, ऐकू कमी येतं. मोठा डोस मिनिटाला 4 मिलिग्रॅमपेक्षा वेगाने द्यायचा नसतो. घरी येऊन इंजेक्शन देणाऱ्या सिस्टरना किंवा ब्रदरना हे आवर्जून विचारा.

बीपीसाठीची: हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोरथॅलिडोन, इंडापामाइड

या गटाला थायझाइड म्हणतात. ही वळणदार भागावर चालतात. लघवी थोडीच वाढते, पण बीपी टिकाऊ उतरतं. पहिले काही दिवस शरीरातलं पाणी कमी झाल्याने, पुढे रक्तवाहिन्या सैल पडल्याने. पूर्ण परिणामाला दोन ते चार आठवडे लागतात, तेव्हा चौथ्या दिवशी बीपी मोजून निराश होऊ नका. बहुतेकांना या गोळ्या चालू आहेत हे माहीतच नसतं, कारण त्या दुसऱ्या गोळीत मिसळलेल्या असतात. टेल्मिसार्टन या बीपीच्या गोळीच्या ब्रँडपुढे 'एच' असेल तर सहसा आत 12.5 मिलिग्रॅम हायड्रोक्लोरोथायझाइड असतं. 'सीटी' किंवा 'सीएच' असेल तर बहुधा क्लोरथॅलिडोन. खात्री स्ट्रिपवरूनच करा. क्लोरथॅलिडोनचा अंमल दीड-दोन दिवस टिकतो, म्हणून एखादा डोस चुकला तरी बीपी लगेच उसळत नाही. किडनी बरीच कमजोर झालेल्या पेशंटमध्येही ते बीपी उतरवतं, हे 2021 च्या अभ्यासाने दाखवलं. त्याआधी अशा पेशंटना हा गट निरुपयोगी मानत.

या गटाने लघवीतलं कॅल्शियम कमी होतं, पाशावरच्या गोळ्यांच्या नेमकं उलट. म्हणून कॅल्शियमचे मुतखडे वारंवार होणाऱ्यांना ही दिली जातात. युरिक ॲसिड वाढतं, त्यामुळे गाऊट (युरिक ॲसिडमुळे होणारी सांधेदुखी) असेल तर अंगठा सुजू शकतो. साखर थोडी चढते, पोटॅशियम उतरतं. मनाच्या आजारासाठी लिथियम घेणाऱ्याला ही गोळी सुरू केली तर लिथियम रक्तात साचून विषबाधा होऊ शकते; बीपीच्या डॉक्टरांना लिथियमबद्दल न सांगणं फार महागात पडतं.

पण इथे सर्वांत जास्त काळजी घ्यायची ती सोडियमची. पाशावरच्या गोळीने किडनीची लघवी घट्ट करण्याची ताकदही मोडते, त्यामुळे पाणीही मोकळेपणाने जातं. थायझाइडने ती ताकद शाबूत राहते. मीठ जातं, पाणी मात्र किडनी धरून ठेवू शकते. त्यात भर म्हणून कोणीतरी सांगतं, 'दिवसाला चार लिटर पाणी प्या.' रक्तातलं सोडियम पातळ होत जातं. सडपातळ बांध्याच्या सत्तरीच्या आसपासच्या बायकांना हा धोका सगळ्यात जास्त, आणि बहुधा गोळी सुरू केल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत. आजी मळमळते म्हणून जेवत नाहीत, चालताना भिंतीला हात लावतात, दुपारी विचारलेलं संध्याकाळी पुन्हा विचारतात, आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. 135 ते 145 हा सोडियमचा नेहमीचा आकडा. 125 च्या खाली गेलं तर आकडी (फिट) येऊ शकते. ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी सोडियम तपासा. घरी मीठ-पाणी पाजून दुरुस्त करायला जाऊ नका, कारण फार दिवस उतरलेलं सोडियम झपाट्याने वर नेलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

मेटोलाझोन हा याच कुटुंबातला, पण पाशावरच्या गोळीच्या जोडीला देतात तेव्हा फार तीव्र. नेहमीच्या गोळीने सूज हटत नाही, कारण महिनोन् महिने पाश अडवल्यावर पुढचा भाग जाडजूड होऊन जास्त मीठ उचलायला लागतो. मेटोलाझोन तो भाग बंद करतं. 2.5 मिलिग्रॅम, कित्येकदा आठवड्यातून दोन-तीनच दिवस. ही गोळी सुरू झाली की दोन-चार दिवसांत सोडियम-पोटॅशियम तपासलंच पाहिजे, आणि 'चांगली लागू पडली' म्हणून रोज चालू ठेवायची नाही.

पोटॅशियम वाचवणारी: स्पायरोनोलॅक्टोन, एप्लेरेनोन, अमिलोराइड

शेवटच्या नळीत सोडियम परत घेताना बदल्यात पोटॅशियम लघवीत टाकलं जातं. ही औषधं तो व्यवहार थांबवतात. लघवी फार वाढत नाही, म्हणून पेशंटला गोळी बिनकामाची वाटते. हार्ट फेल्युअरमध्ये मात्र 25 मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनने मृत्यू सुमारे 30 टक्क्यांनी घटले, हे 1999 पासून माहीत आहे. तीन औषधं घेऊनही न उतरणाऱ्या बीपीत चौथी गोळी म्हणून हीच जास्त उपयोगी ठरते. लिव्हरच्या आजारात पोटातल्या पाण्यासाठी ती मुख्य गोळी असते. तिथे 100 मिलिग्रॅम स्पायरोनोलॅक्टोनला 40 मिलिग्रॅम फ्युरोसेमाइड या प्रमाणात दोन्ही वाढवत नेतात. जेवणानंतर घ्या, शोषण चांगलं होतं. पुरुषांना छातीत दुखरी गाठ आल्यासारखं वाटू लागलं तर लाजून गप्प बसू नका, डॉक्टर एप्लेरेनोनवर बदलतात.

'प्लस' लिहिलेल्या टॉर्सेमाइडच्या किंवा लॅसिलॅक्टोनसारख्या जोडगोळ्यांत स्पायरोनोलॅक्टोन आधीच असतं. घरात वेगळी अल्डॅक्टोनची, म्हणजे स्पायरोनोलॅक्टोनचीच, स्ट्रिपही चालू असेल तर डोस दुप्पट होतो, आणि दोन वेगळ्या डॉक्टरांकडे जाणाऱ्यांत हे सर्रास घडतं.

या गटाचा धोका म्हणजे चढलेलं पोटॅशियम. ते 5 च्या वर असेल तर सहसा गोळी सुरू करत नाहीत, 5.5 ओलांडलं तर डोस निम्मा करतात, 6 च्या वर बंद. स्नायू ढिले पडतात, ठोके मंदावतात, आणि कधी कधी कसलीच लक्षणं न देता हृदय थांबतं. किडनी कमजोर, मधुमेह आणि सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल या बीपीच्या गोळ्या असलेल्यांनी विशेष जपायचं. इथे शहाळ्याचा प्रश्न येतो. 100 मिली शहाळ्याच्या पाण्यात साधारण 250 मिलिग्रॅम पोटॅशियम असतं, म्हणजे एका शहाळ्यात सहज 600-700. फ्युरोसेमाइडवर असलेल्या, किडनी ठीक असलेल्या माणसाला ते चांगलंच. स्पायरोनोलॅक्टोन आणि टेल्मिसार्टन दोन्ही घेणाऱ्या, क्रिएटिनिन 2 असलेल्या माणसाला ऑक्टोबरच्या उन्हात रोज दोन शहाळी देणं धोक्याचं आहे. 'लो सोडियम' मिठाचंही तसंच. त्यात सोडियम कमी करून पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. पाकिटावरचे घटक वाचा.

उरलेली, थोडक्यात

ॲसिटाझोलामाइड, म्हणजे डायमॉक्स, नळीच्या सुरुवातीला चालतं आणि लघवीसाठी दुबळं आहे. काचबिंदूत आणि लेह-लडाखला जाताना उंचीच्या त्रासासाठी 125 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, सोडा बेचव लागतो. दोन्ही गोळी थांबवली की जातं. मॅनिटॉल फक्त शिरेतून, मेंदूची सूज उतरवायला. एसी खोलीत बाटलीत त्याचे स्फटिक धरतात, म्हणून लावण्याआधी बाटली उजेडात धरून पाहायची आणि फिल्टरचा सेट वापरायचा. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या लघवीतून ग्लुकोज आणि त्यासोबत पाणी काढतात, म्हणून हार्ट फेल्युअरमध्ये मधुमेह नसतानाही देतात. त्या सुरू झाल्यावर जुन्या लघवीच्या गोळीचा डोस कमी करावा लागू शकतो. गुप्तांगाला खाज सुटली तर ते बुरशीचं इन्फेक्शन समजा.

घरी ठेवायचा हिशेब

वजनकाटा हे यातलं मुख्य यंत्र. सकाळी उठून लघवी झाल्यावर, चहाआधी, त्याच हलक्या कपड्यांत, त्याच फरशीवर वजन करा आणि कॅलेंडरवर लिहा. सूज उतरवताना दिवसाला अर्धा ते एक किलो उतरणं बरोबर. लिव्हरच्या पेशंटला पायावर सूज नसेल तर अर्ध्या किलोच्या पुढे नको, त्याहून वेगाने उतरलं तर किडनी कोरडी पडते. तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर दम लागायची वाट न बघता फोन करा.

मिठाचा हिशेब सोपा आहे. शरीरात अडकलेलं प्रत्येक 9 ग्रॅम मीठ सुमारे एक लिटर पाणी धरून ठेवतं. दिवसाला 5 ग्रॅम, म्हणजे सपाट एक चमचा, ही एका माणसाची मर्यादा, आणि त्यात पापड, लोणचं, वेफर, पाव, सॉस सगळं धरायचं. पाकिटावर सोडियम मिलिग्रॅममध्ये दिलेलं असतं, त्याला अडीचने गुणलं की मीठ येतं. जून-जुलैत मासेमारी बंद असताना खारवलेला बांगडा खाण्यात येतो. सूज असलेल्याने तो टाळलेलाच बरा. नुसता भिजवून धुतला तरी सगळं मीठ निघत नाही.

ॲम्लोडिपिन या बीपीच्या गोळीमुळे आलेली घोट्याची सूज लघवीच्या गोळीने नीट जात नाही, कारण ती मिठामुळे नसते, बारीक रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपल्याने असते. तिथे डॉक्टरांनी ॲम्लोडिपिनचा डोस पाहायचा. मे महिन्यात दिवसभर उभं राहून आलेल्या आणि रात्री पाय उंच ठेवून सकाळी उतरलेल्या सुजेला बहुधा गोळीच लागत नाही.

पावसाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या, ताप आला, खाणं-पिणं बंद झालं तर लघवीची गोळी, टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिल, साखरेची मेटफॉर्मिन आणि डापाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्या त्या दिवसांपुरत्या थांबवाव्या लागतात. हे आजारी पडण्याआधीच डॉक्टरांना विचारून लिहून घ्या. नीट खायला-प्यायला लागल्यावर 24 ते 48 तासांनी पुन्हा सुरू करायच्या असतात. गुडघेदुखीवर केमिस्टकडून आणलेली आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी मात्र कोणत्याच दिवशी नको. ती मीठ अडवते, लघवीच्या गोळीचा परिणाम मारते, आणि टेल्मिसार्टन, लघवीची गोळी व पेनकिलर हे तिन्ही एकत्र आले की किडनी काही दिवसांत बंद पडू शकते. पॅरासिटामॉल चालतं. आडवं झाल्यावर दम कोंडत असेल, चक्कर येऊन शुद्ध हरपत असेल किंवा बारा तास लघवीच झाली नसेल तर 108 ला फोन करा किंवा जवळचं हॉस्पिटल गाठा.

रिपोर्ट वाचताना

गोळी सुरू केल्यावर किंवा डोस बदलल्यावर एक-दोन आठवड्यांत सोडियम, पोटॅशियम, क्रिएटिनिन तपासा. स्पायरोनोलॅक्टोनसाठी पहिल्या आठवड्यात, मग महिन्याने, नंतर तीन-चार महिन्यांनी. सूज उतरत असताना क्रिएटिनिन थोडं वर जाणं अपेक्षित असतं, तेवढ्यावरून स्वतःच गोळी बंद करू नका. वजन, बीपी आणि रिपोर्ट एकत्र दाखवा. पोटॅशियम अचानक 6 च्या वर आलं आणि पेशंट ठणठणीत असेल तर रिपोर्टवर रक्तपेशी फुटल्याची नोंद आहे का ते पाहा. फार घट्ट पट्टा बांधून, मूठ आवळ-सोड करायला लावून किंवा बारीक सुईने जोरात ओढलेल्या नमुन्यात पेशींमधलं पोटॅशियम बाहेर येतं आणि आकडा खोटाच चढतो. तरीही रिपोर्ट बाजूला ठेवायचा नाही. डॉक्टरांना लगेच कळवून त्याच दिवशी सैल पट्ट्याने नवा नमुना द्या, शक्य असेल तर सोबत ईसीजी काढा आणि उत्तर येईपर्यंत स्पायरोनोलॅक्टोन व शहाळं दोन्ही थांबवा.